तुम्ही पुढे व्हा

सोबत निघालेल्या मंडळींपैकी एखादा वाटेत थकला आणि त्याने आपण होऊन "तुम्ही पुढे व्हा" असे म्हटले, तर इतरांस पुढे जाण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो काय? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे, आणि गेल्या आश्विनापर्यंत आम्हीही तो क्षुल्लकच मानीत होतो.

त्या महिन्यात आम्ही पाच जुने मित्र देवकुंडाचा धबधबा पाहावयास गेलो. पुण्याहून पहाटे निघून ताम्हिणी घाट उतरले की रायगड जिल्ह्यातील भिरा गाव लागते. मुळशीच्या तलावाचे पाणी सह्याद्रीवरून नळांतून खाली सोडून १९२७ पासून येथे वीज उत्पन्न करीत आहेत. ज्या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, त्याच धरणाचे हे पाणी. पण तो विषय आजचा नव्हे. भिऱ्यापासून धबधब्यापर्यंत सुमारे सहा किलोमीटरांची पायवाट आहे. प्रथम जलाशयाच्या कडेने सपाटीची, मग दाट रानातून चढणीची, मध्ये ओढे, आणि शेवटी हत्तीएवढ्या धोंड्यांवरून हातापायांनी चालावे लागते. भर पावसाळ्यात हे ओढे एकाएकी फुगतात व माणसे पलीकडे अडकून पडतात. म्हणून सरकारही त्या दिवसांत वेळोवेळी बंदी घालते. आम्ही पावसाळा सरल्यावर गेलो आणि गावातील एक तरुण वाटाड्या सोबत घेतला. एवढे शहाणपण आम्ही दाखविले, हे नमूद केले पाहिजे. कारण पुढे दाखविण्याजोगे फारसे नाही.

एका ओढ्यापाशी आमच्यापैकी एका स्नेह्यांचा गुडघा धरला. ते काठच्या दगडावर बसले आणि हसून म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मी इथं मजेत बसतो." आम्ही रीतीप्रमाणे दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. वाटाड्याने मात्र त्यांस बजावले, "काका, एकटे ओढा ओलांडू नका हं." आम्ही निघालो.

आता जे सांगावयाचे ते सांगताना संकोच वाटतो. पन्नास पावले गेलो नाही तोच आमच्यात त्यांच्या प्रकृतीची चर्चा सुरू झाली. ते सकाळी फिरावयास जात नाहीत. गोड सोडवत नाही. वजनाकडे लक्ष देत नाहीत. चौघांचेही एकमत झाले, आणि एकमत होताच पाय हलके पडू लागले! महाप्रस्थानाच्या वेळी द्रौपदी व चौघे भाऊ एकामागून एक पडतात, भीम कारण विचारतो, आणि युधिष्ठिर मागे न पाहता प्रत्येकाचा एकेक दोष सांगतो, अगदी भीम स्वतः पडला तेव्हा त्याचाही. ही कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे, आणि कर्मफलाचा सिद्धान्त म्हणून सांगितली आहे. मागे पडलेल्याचा दोष सापडला की पुढे चालणे सोपे होते, ही तिची दुसरी बाजू त्या चढणीवर प्रथम कळली. धर्मराजाच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की पुढे एका कुत्र्यासाठी त्याने स्वर्गाचा रथ थांबविला. आमच्यापाशी तेवढेही नव्हते.

धबधबा अप्रतिम होता. मित्राच्या आठवणीने आमचा आनंद काळवंडला असे लिहिले तर वाचकांस बरे वाटेल, पण ते खरे नव्हे. उंच काळ्या कड्यावरून पाणी हिरव्या डोहात कोसळत होते, तुषार अंगावर येत होते, आणि अर्धा तास आम्हांस त्यांची आठवणही झाली नाही.

परतताना, ओढा अजून दोनशे पावलांवर असता, वाटेच्या कडेस एक चष्म्याची डबी पडलेली दिसली. ती त्यांचीच होती. म्हणजे आम्ही गेल्यावर ते उठले होते, तो गुडघा घेऊन एकटेच निसरड्या दगडांवरून ओढा उतरले होते, आमच्यामागून येथवर आले होते आणि परत फिरले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ते पूर्वीच्याच दगडावर बसले होते. "कसा होता धबधबा?" त्यांनी विचारले.

मिल्लने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधात प्रौढ मनुष्याच्या स्वतःच्या हितासंबंधी त्याचाच निर्णय अखेरचा मानला आहे, आणि आयुष्यभर आम्ही त्याच पक्षाचे. या न्यायाने त्यांची संमती होती आणि आमचे काही चुकले नाही. परंतु ते वाक्य स्वतःच्या हितासंबंधी नव्हतेच, ते आमच्या हितासंबंधी होते. आपल्यामुळे चौघांचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून ते बोलले. आणि त्यांनी दिलेली देणगी आम्ही हक्क म्हणून घेतली. आम्ही सर्वांनीच परतावे अशी त्यांची इच्छा होती असेही आम्हांस वाटत नाही. कदाचित "चल, हळूहळू जाऊ, जमेल तेथवर," एवढेच कोणी म्हणावयास हवे होते. त्याने धबधबा हुकला असता काय? बहुधा हुकला असता, आणि म्हणूनच कोणी म्हटले नाही.

ती डबी घाट चढताना आम्ही गुपचूप त्यांच्या पिशवीत ठेवली. ती त्यांनी घरी गेल्यावर पाहिली असेलच. त्यांनी त्याविषयी काही विचारले नाही, आणि आम्हीही अद्याप विषय काढलेला नाही.