गोणीचे गोत्र

परदेशांतून येणाऱ्या धान्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते तिच्या एका टोकाला, बाहेरचे ते सारे विषारी असे गृहीत धरणारा स्वदेशीचा अभिमान असतो आणि दुसऱ्या टोकाला, माल जहाजावर चढताना कोणा अधिकाऱ्याने शिक्का मारला की पुढे चौकशीचे कारण उरत नाही असे मानणारी व्यापाऱ्याची निश्चिंती असते. हे धान्य कोणत्या मुलखातून निघाले, कोणत्या वखारीत किती काळ पडून राहिले, कोणत्या मालात मिसळले गेले आणि ह्या सर्व प्रवासाचा अखंड लेखी माग कोणापाशी आहे काय, हा मधला प्रश्न विचारण्याची आपणास सवय नाही. आणि तेच धान्य माणसाच्या ताटात न पडता जनावराच्या गव्हाणीत पडणार असेल, तर तसे विचारणारा मनुष्य विक्षिप्त ठरण्याचाच संभव अधिक.

मुरुडसारख्या गावी बसून ह्या विषयाचा विचार करण्यात एक सोय आहे. पूर्वी जंजिरा संस्थानची राजधानी असलेल्या ह्या गावाच्या परिसरात भात होते, नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, मासळी तर आहेच. परंतु कोंबडीच्या खाद्याचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारा मका आणि त्याला प्रथिनांचा आधार देणारे सोयाबीन ही दोन्ही पिके येथली नव्हेत. तेव्हा मका सांगलीचा असो की सातासमुद्रापलीकडचा, मुरुडच्या दृष्टीने तो आयातच होय, आणि दुकानाच्या दारात ठेवलेल्या गोणीत ह्या दोहोंतला फरक दिसत नाही. ती गोणी उसवली जाते, दहाबारा कोंबड्या बाळगणारी बाई त्यातून दोन-चार किलो सुटे घेऊन जाते, आणि गोणीला शिवलेली चिठ्ठी, जिच्यावर कारखान्याचे नाव, तारीख आणि घाण्याचा क्रमांक छापलेला असतो, ती केरात जाते. त्यानंतर ते खाद्य खाऱ्या, दमट हवेत पडवीत पडून राहते. बुरशीला ह्याहून अनुकूल स्थान क्वचितच मिळेल.

आता २०२१ सालची गोष्ट पाहा. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,९५० रुपये असता, श्रावणाच्या सुमारास बाजारभाव दहा हजारांच्या पलीकडे गेला, पेंडीची किंमत त्याच मानाने चढली आणि कुक्कुटपालकांनी दिल्लीदरबारी गाऱ्हाणे घातले. त्यावर ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन तेलविरहित पेंड आयात करण्यास मुभा दिली आणि प्रवेशासाठी आरंभी दोन द्वारे नेमून दिली: एक आमच्याच रायगड जिल्ह्यातले न्हावा-शेवा बंदर, दुसरे बंगालच्या सरहद्दीवरचे पेट्रापोल. शेतकऱ्यांच्या संघटनांनी भाव पाडल्याची तक्रार केली, आणि ऐन सुगीच्या तोंडावर भाव पडलेही. पण माझ्या विषयाशी निगडित अशी गोष्ट निराळी आहे. पर्यावरण खात्याचा अभिप्राय असा पडला की पेंड हा भरडून तेल काढलेला निर्जीव पदार्थ असल्यामुळे, त्यातून काही उगवण्याची भीती नाही आणि म्हणून हरकतही नाही. तर्कदृष्ट्या हे निर्दोष आहे. फक्त ते पर्यावरणाविषयी आहे, खाणाऱ्याविषयी नाही. शिवाय पेट्रापोलवरून येणारी पेंड बांगलादेशातील गिरण्यांची म्हणावी, तर त्या गिरण्यांत भरडले जाणारे सोयाबीन बहुतांशी अमेरिका आणि ब्राझील येथून आलेले. म्हणजे कागदावर लिहिलेला उगम हा फार तर शेवटचा मुक्काम होय. उलट, त्याच वर्षाच्या १ मार्चपासून माणसांच्या खाण्यासाठी येणाऱ्या मका-सोयाबीनसह चोवीस पिकांना, ती जनुकबदल केलेली नसल्याचा दाखला सक्तीचा झाला होता. आणि ह्या साऱ्या कोलाहलात कोणास फारशी आठवण झाली नाही ती सरकीच्या पेंडीची, जी २००२ साली जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून महाराष्ट्रातील गाईम्हशी निमूटपणे खात आल्या आहेत.

ह्यात कोणा एका खात्याची कसूर शोधण्यापेक्षा आपल्या कागदपत्रांचा स्वभाव ओळखावा, हे बरे. ह्या किनाऱ्यावर गलबतांना पोर्तुगीज कार्ताज नावाचा परवाना देत, आंग्रे दस्तक देत, आणि दस्तकाशिवाय गलबत पकडले गेले तर मालासह जप्त होई. परंतु त्या दस्तकावर गलबत कोणाचे, कोठून कोठे जाणार, एवढाच मजकूर महत्त्वाचा असे, धान्याला कीड आहे की नाही ह्याची पंचाईत कोणी करीत नसे. आजची जकातीची कागदपत्रे कितीतरी विस्तृत असली तरी त्यांचा पिंड महसुलाचाच आहे. सात-बाऱ्यावर जमिनीचा फेरफार पिढ्यान्‌पिढ्या नोंदवणारा आपला मुलूख त्याच जमिनीतून निघालेल्या दाण्याला खळ्यावरून उठताच बेवारस करतो.

ह्या बेवारसपणाची किंमत काय, हे १९६० साली इंग्लंडमध्ये दिसले. तेथे काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोगाचा जंतू सापडेना, विषारी धातू सापडेना. म्हणून त्या अनाकलनीय आजाराला बीजगणितातल्या अज्ञात राशीचे अक्षर लावून ‘टर्की एक्स’ असे नाव देण्यात आले. उलगडा झाला तो आरंभी प्रयोगशाळेत नव्हे, हिशेबाच्या वह्यांत. मेलेल्या कळपांना घातलेले खाद्य कोठले, ह्याचा माग काढता तो लंडनमधल्या एका गिरणीपर्यंत पोहोचला, आणि गिरणीच्या खरेदीवरून पुढे ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. मग त्या पेंडीत बुरशी सापडली, बुरशीचे विष सापडले, आणि आज ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याचा शोध लागला. वह्या नसत्या तर शास्त्रज्ञांनी नेमके काय तपासावयाचे होते? आणि विष परदेशीच असते, असा निष्कर्ष ह्यावरून काढणाऱ्यांनी गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा ह्या भागांतील १९७४ सालचा अनर्थही ध्यानी घ्यावा, जेथे अवकाळी पावसात भिजलेला स्वतःच्याच शेतातला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली आणि त्यांच्या दारची कुत्रीही मेली.

ह्यावर सहज सुचणारे उत्तर असे की, बंदरावर प्रत्येक मालाचा नमुना तपासावा, म्हणजे वंशावळीची उठाठेव उरणार नाही. परंतु बुरशीचे विष दुधातल्या पाण्यासारखे सर्वत्र सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत एखादाच दाणा भयंकर दूषित असतो आणि त्याचे शेजारी स्वच्छ असतात. त्यामुळे एकाच ढिगातून काढलेले दोन नमुने परस्परविरुद्ध साक्ष देऊ शकतात, आणि मोजणीतल्या चुकीचा मोठा वाटा यंत्राचा नसून नमुना घेण्याचाच असतो. तपासणी हवीच. पण कापणीच्या वेळी पाऊस होता काय आणि वखारीत ओल होती काय, हे ठाऊक असल्याशिवाय कोणता ढीग अधिक कसून तपासावा हेच कळत नाही.

नोंद नसली की तिच्या जागी आख्यायिका येऊन बसते. पुण्यास १९५५च्या सुमारास उकिरड्यांवर एक नवीच पांढऱ्या फुलांची वनस्पती दिसली आणि पुढे साऱ्या देशाच्या उरावर बसली, तीच काँग्रेस गवत किंवा गाजर गवत. ती अमेरिकेच्या पीएल ४८० ह्या धान्यसाहाय्य योजनेतून आलेल्या गव्हातून आली, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. मात्र भारताशी त्या योजनेचा करार झाला ऑगस्ट १९५६मध्ये, १९५१ सालीही अमेरिकन गहू कर्जाऊ आला होता, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्याहून कितीतरी जुन्या भारतीय नोंदी दाखवितात. कोणते जहाज, कोणते पोते, ह्याचा पत्ता आता लागणे नाही. आरोप सिद्ध होत नाही आणि आरोपी निर्दोषही सुटत नाही.

आपल्या लोकांना हे जमत नाही, असे म्हणण्यास मात्र जागा नाही. युरोपने २००२ साली कायदा करून, अन्नाच्या व खाद्याच्या प्रत्येक व्यापाऱ्याने निदान आपल्या मागचा विकणारा आणि पुढचा घेणारा सांगता आलाच पाहिजे असा दंडक घातला, आणि तेथे जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६पासून आपल्याकडे ‘ग्रेपनेट’ची नोंदपद्धती सुरू झाली, जिच्यामुळे परदेशातल्या दुकानातील पेटीवरून नाशिक जिल्ह्यातला नेमका मळा शोधता येतो. गिऱ्हाईक परका आणि चोखंदळ असला की आपला शेतकरी, आपला अधिकारी आणि आपला संगणक तिघेही कर्तव्यदक्ष होतात.

घरच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला काय येते? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या दुधाच्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिनाचा अंश मर्यादेबाहेर आढळला, आणि तो गाईम्हशींच्या चाऱ्यातून व खाद्यातून येतो, हे प्राधिकरणानेच सांगितले. दूध उकळल्याने हे विष जात नाही. पुढे जानेवारी २०२०मध्ये पशुखाद्य भारतीय मानकांप्रमाणेच असावे असा आदेश निघाला, ज्या मानकांत ह्या विषाची मर्यादा किलोमागे वीस मायक्रोग्रॅम आहे. आणि अंमलाची मुदत पुढे ढकलण्याची आपली जुनी रीत त्यालाही चुकली नाही. करारावर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था तर आणखी चमत्कारिक: पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, मरतूक झाली तर जाब मात्र त्याला.

सुटे खाद्य विकण्यास बंदी घालावी, अशी सूचना ह्यावर होते. ती मला क्रूर वाटते. जिला आठवड्याला पाच किलो लागते तिने पन्नास किलोंची गोणी घेऊन निम्मी कुजवावी काय? त्यापेक्षा दुकानदाराने सुट्या मालाच्या पावतीवर गोणीचा क्रमांक टिपावा आणि रिकाम्या गोणीची चिठ्ठी वर्षभर तारेला अडकवून ठेवावी, एवढे कायद्याने मागावे. त्याला यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. मुरुडच्या बाजारात उधारीच्या वह्या ह्याहून काटेकोरपणे लिहिल्या जातात. गिरणीने आपल्या घाण्यात कोणत्या वखारीचा मका गेला ते लिहावे आणि आयातदाराने ती वखार कोणत्या जहाजावर भरली ते लिहावे, ही मागणी त्यानंतर करता येईल, आणि ती चुकविणे बड्या व्यापाऱ्यांना तितकेसे सोपे जाणार नाही.