लाईट परत आली तेव्हा

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक २३



आजचा श्लोक आधी साध्या भाषेत सांगतो. भगवंत म्हणतात, काम आणि क्रोध यांतून उठणारा वेग जो माणूस देह सुटण्याआधी, इथेच, सहन करू शकतो, तोच योगी आणि तोच सुखी.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचला होता. पण त्यातला 'वेग' हा शब्द मला कळला तो धुळ्यात, देवपुरातल्या काकांच्या सुतारकामाच्या दुकानात, एका जुन्या स्विचमुळे.

काकांकडे टेबल सॉ आहे. टेबलाच्या मधल्या फटीतून गोल करवतीचं पातं वर आलेलं असतं आणि फळी त्याच्यावर सरकवत कापायची. या मशीनचा स्विच बरेच महिने बिघडला होता. चालू व्हायचा, पण बंद करताना नाटकं करायचा. खटका खाली केला तरी मोटर फिरतच राहायची. मग काका भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायचे आणि काम पुढे चालायचं. कुणी टोकलं की म्हणायचे, "चालू व्हस ना? मंग झायं!"

दसऱ्याला मी सुट्टी जोडून घरी गेलो होतो. काकांनी खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसली आणि मशीनला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. मी हात जोडले. स्विच मात्र तोच होता.

दोन दिवसांनी दुपारी काम चालू असताना लाईट गेली. पातं हळूहळू थांबलं. काका म्हणाले, आता बसून काय करायचं, भुसा तरी काढू. पात्याजवळ साचलेला भुसा ते ब्रशने ओढायला लागले. भिंतीवरचं बटण बंद करायचं राहून गेलं आणि मशीनचा खटका तर अडकलेलाच होता.

लाईट आली.

कुणी काही दाबलं नाही, कुणी काही विचारलं नाही. पातं आपोआप फिरायला लागलं. काकांच्या हातातला ब्रश खेचला गेला आणि त्याचे तुकडे दारापर्यंत उडाले. बोटं वाचली. काका मागे सरकून स्टुलावर बसले आणि बराच वेळ नुसते आपल्या हाताकडे बघत राहिले. माझे पाय थरथरत होते.

संध्याकाळी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने आधी प्लग भिंतीतून काढला आणि तो समोर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पातं पूर्ण थांबल्याची खात्री केली. मग स्विचचा डबा उघडला. मी टॉर्च धरून उभा होतो.

आत भुसा गच्च भरला होता. स्प्रिंग ढिली पडली होती. तांब्याचे दोन्ही कॉन्टॅक्ट काळे पडले होते, त्यांच्यावर बारीक बारीक खड्डे होते आणि एका जागी ते वितळून एकमेकांना चिकटले होते. वायरमन म्हणाला, मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. शिवाय दर वेळी स्विच तोडताना आत ठिणगी पडते. बाहेरून दिसत नाही, पण प्रत्येक ठिणगी थोडंसं तांबं खाते. असं वर्षानुवर्षं झालं की एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटतात. मग खटका हलतो, पण आत काहीच तुटत नाही.

मित्रांनो, टॉर्च माझ्या हातात होती आणि डोक्यात माझी ताई होती.

जूनमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी पुण्यात, ताई नाशिकला. सुट्टी कुणी घ्यायची यावरून आम्ही फोनवर भांडलो. शेवटी मी आलो आणि ती आली नाही. नंतर मी 'शांत' झालो. तिचा नंबर म्यूट केला, फॅमिली ग्रुपवर तिच्या मेसेजला उत्तर देणं बंद केलं. सकाळी ध्यान, संध्याकाळी हरिपाठ. मला वाटायचं, राग गेला. दसऱ्याला तिचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, "आई कशी आहे रे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आज आठवली का?" पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. ताई रडत होती आणि मी थांबत नव्हतो.

राग गेला नव्हता, फक्त लाईट गेली होती. खटका आत चालूच होता. ताईचा आवाज ऐकला, करंट आला आणि पातं फिरलं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ६२ आणि ६३ या श्लोकांत, भगवंतांनी ही घसरण पायरी पायरीने दाखवली आहे. आधी मन एखाद्या गोष्टीभोवती घुटमळतं. त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध. क्रोधातून भ्रम, मग आपण कोण, समोर कोण, याची आठवण सुटते. आठवण सुटली की बुद्धी जाते आणि बुद्धी गेली की माणूसच जातो. आपल्याला शेवटच्या पायऱ्या दिसतात, कारण त्यांचा आवाज होतो. पहिली पायरी डब्याच्या आत असते. चार महिने मी मनात तेच भांडण पुन्हा पुन्हा चालवत होतो, दर वेळी स्वतःला जिंकवत होतो. प्रत्येक वेळी एक ठिणगी पडत होती. ताईचा नंबर म्यूट करणं म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करणं. त्याने मशीन थांबतं, स्विच दुरुस्त होत नाही.

आणि हरिपाठ? तो झेंडूच्या माळेसारखा झाला होता. माळ खोटी नव्हती, काकांची श्रद्धाही खोटी नव्हती. पण ज्याची पूजा करतो त्याचा डबा कधीतरी उघडून बघावा लागतो.

वायरमनने जुन्या स्विचच्या जागी पुश बटण स्टार्टर बसवला. मोटरच्या पाटीवरचे अँपिअर वाचून त्या क्षमतेचाच आणला होता. अर्थिंगची वायर नीट जोडली, भुसा आत जाणार नाही असं झाकण लावलं. हिरवं बटण चालू करायला. लाल बटण मोठं, वर आलेलं, घाईत तळहात मारला तरी बंद होईल असं. त्याच्या आत एक कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की ती कॉन्टॅक्ट धरून ठेवते. लाईट गेली की तिची पकड सुटते, स्प्रिंग कॉन्टॅक्ट मागे ढकलते आणि मशीन बंद अवस्थेत जातं. लाईट परत आली तरी ते बंदच राहतं. कुणीतरी ठरवून हिरवं बटण दाबेल तेव्हाच चालू होतं.

आम्ही करून पाहिलं. मशीन चालू केलं, मेन बंद केला, पातं थांबू दिलं, मेन पुन्हा चालू केला. दुकानात ट्यूबलाईट लागली, पंखा फिरायला लागला. मशीन गप्प. काका हसले, म्हणाले, "आते माले इचारीसन चालू व्हई."

मला विचारूनच चालू होईल! आजच्या श्लोकाचा एवढा सोपा अर्थ मला कुठेच मिळाला नव्हता. बघा, भगवंत असं म्हणत नाहीत की योग्याच्या मनात वेग उठतच नाही. करंट येणारच. बॉस बोलेल, ट्रॅफिकमध्ये कुणी कट मारेल, जुन्या माणसाचा फोन येईल. प्रश्न एवढाच, की करंट आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं की आपल्याला विचारून.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. लाल बटण दाबल्यावरही पातं काही सेकंद फिरत राहतं. करंट नसतो, पण आधीचा वेग असतो. त्या वेळात हात घालायचा नाही आणि लाकूड आडवं दाबून पातं थांबवायचंही नाही. नुसतं थांबायचं. राग ओळखला, बटण दाबलं, तरी छाती धडधडत असते. तेव्हा मेसेज टाइप करायचा नाही. 'सहन करणं' म्हणजे दात-ओठ खाणं नाही. पातं थांबेपर्यंत हात दूर ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ.

श्लोकातला दुसरा शब्द 'इथेच'. धुळेकरांना हा शब्द जवळचा वाटायला हवा. १९३२ साली विनोबाजी आमच्या धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचनं त्यांनी तिथे दिली. ऐकणारे कैदी आणि लिहून घेणारे साने गुरुजी. आज आपण वाचतो ती 'गीता प्रवचने' हीच. विचार करा, त्या श्रोत्यांच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती. दार कधी उघडायचं हे सरकार ठरवत होतं. पण आतलं बटण त्यांच्याच हातात होतं. सुटका झाल्यावर साधना करू, असं कुणी म्हणालं नाही. आपण मात्र म्हणतो, प्रमोशन झालं की, स्वतःचं घर झालं की, समोरचा सुधारला की मी शांत होईन. भगवंत म्हणतात, इथेच, याच देहात.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. स्टार्टर अर्ध्या तासात बसला. मनाचा स्विच असा बाजारातून आणता येत नाही. सहाव्या अध्यायात अर्जुनाने मन आवरत नाही अशी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली नाही. अवघड आहे हे मान्य करून त्यांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे रोज डबा उघडून भुसा काढणं. वैराग्य म्हणजे मनातल्या भांडणात जिंकायची हौस सोडणं.

त्या रात्री मी ताईला फोन केला. पहिल्यांदा तिने उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि म्हणाली, "बोल." तिच्या आवाजात धार होती. माझ्याही घशाशी उत्तर आलं होतं. मी मनात एकदा 'राम कृष्ण हरी' म्हटलं आणि मग म्हणालो, "ताई, माझं चुकलं." ती लगेच विरघळली नाही. पण फोन ठेवताना म्हणाली, आईच्या पुढच्या तपासणीला मी येते. एवढ्यावरच त्या दिवशी थांबलो.

आजचा संकल्प : ज्या माणसाला आपण मनात 'म्यूट' करून ठेवलंय, त्याचं नाव आज देवासमोर एकदा घ्यायचं. छातीत पातं फिरायला लागलं, तर स्विच अजून अडकलेला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायचं. मग पातं थांबेपर्यंत नाम घ्यायचं आणि फोन त्यानंतरच करायचा.

हे पांडुरंगा, करंट तुझा आणि मशीनही तुझंच. फक्त हिरवं बटण दाबण्याआधी एकदा तुझी आठवण होऊ दे.

राम कृष्ण हरी.