तोडलेल्या फुलाचा हिशेब

वडिलांकडे देवाची पूजा असल्यामुळे पहाटे फुले आणण्याचे काम लहानपणापासून मजकडे आहे. हैदराबादच्या खडकाळ माळावर तरवडाची पिवळी झुडपे आढळतात. शेंगा धरणाऱ्या शिंबी कुळातील ही रानवनस्पती कोणी लावीत नाही, कोणी शिंपीत नाही. तेव्हा तिची फुले तोडताना कोणास विचारावयाचे कारण नाही, अशी माझी समजूत होती.

एके दिवशी मी असेच एक झुडूप ओरबाडीत असता वनस्पतिशास्त्राचा एक विद्यार्थी तेथे आला. त्याने फूल, पान व शेंग असलेली एकच डहाळी कापली. देवाकरिता नव्हे, तर कागदावर चिकटविण्याकरिता! मला तो अनाचार वाटला व मी तसे बोलूनही दाखविले.

त्याने शांतपणे आपली रीत सांगितली. डहाळी टीपकागदांत दाबून वाळवितात, जाड कागदावर बसवितात आणि शेजारी स्थळ, तारीख, झुडपाची उंची व फुलाचा रंग लिहितात. कारण वाळल्यावर मूळ रंगाचा भरवसा नसतो. लिनियसने १७५३ साली तरवडास ‘कॅसिया’ गणात घातले. आज त्याची गणना ‘सेन्ना’ गणात होते. परंतु नाव बदलले म्हणून जुनी चिठ्ठी फाडीत नाहीत, नवी शेजारी डकवितात. आणि जेथे झाडे मोजकीच उरली असतील तेथे तोडावयाचेच नाही, असा त्यांचा दंडक.

मी निरुत्तर झालो. तेलंगणात हेच फूल ‘तंगेडु’ या नावाने बतुकम्मेत रचतात व अखेरीस पाण्यात सोडतात. अर्पण करणारा सोडून देतो, संग्रह करणारा जपून ठेवतो. यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मला आता गौण वाटतो. दोघेही झुडपापासून काही घेतातच. भेद इतकाच की, त्या विद्यार्थ्याने घेतलेल्या एका डहाळीचा हिशेब लिहून ठेवला होता. मी मात्र देवाचे नाव घेताच हिशेब संपला असे मानीत आलो. वस्तुतः तो तेथूनच सुरू व्हावयास हवा. देवाला वाहिलेले फूल आपले नसते हे खरे. पण तोडण्यापूर्वीही ते आपले कोठे होते?

दुसऱ्या दिवशी परडी निम्मीच भरली होती. वडिलांनी कारण विचारले. “उरलेली झुडपावर ठेविली, त्यांच्या शेंगा होतील,” मी म्हणालो. ते क्षणभर थांबले, आणि नेहमीप्रमाणे पूजेस बसले. त्या दिवशी पूजेत काही उणे राहिले, असे मला वाटले नाही.