शेवटचे घर

दिवाळीच्या सुट्टीत भावाचा मुलगा आमच्याकडे राहायला आला, की चार दिवस मी बाई राहत नाही, आत्या होते. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला सकाळचा फराळ उरकून तो मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसला होता. करंज्यांचा डबा फडताळात ठेवता ठेवता मी सहज म्हटले, "काय रे, सणासुदीलासुद्धा हे भिकार खेळ!"

मान वर न करता तो म्हणाला, "आत्या, यातला भिकार कोणता आणि चांगला कोणता, हे तुला सांगता येईल?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच तो मला लागला. भिकार कादंबरी कोणती आणि चांगली कोणती, हे मुलांना समजावण्याचा मी पगार घेते. स्वतः कादंबऱ्या लिहिण्याचे धाडसही केले आहे. खेळांच्या बाबतीत मात्र आपण वडीलधारी माणसे एकच काटा वापरतो: वेळ फुकट जातो. पण वेळ तर कादंबरीनेही जातो! आणि खरे सांगायचे, तर या खेळांशी माझी ओळख त्या पोराच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे.

आमच्या लहानपणी मामांच्या घरी टीव्हीला जोडायचे एक यंत्र आले. त्यात पिवळ्या रंगाची कॅसेट खुपसायची. तिच्यावर नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच दहा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. त्यांतच एक होता 'सुपर मारिओ ब्रदर्स'. जपानच्या निन्टेंडो कंपनीतल्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो १९८५ साली केला, हे मला फार पुढे कळले. आम्हांला नियम सांगणारे कोणी नव्हते. पण तो टोपीवाला पडद्याच्या डाव्या अंगाला उभा असे आणि उजवीकडे सारी जागा मोकळी. जायचे कुठे, हे विचारावे लागत नसे. चार पावलांवर एक चिमुकला शत्रू तुरुतुरु चालत येई. आदळलो की मेलो. पण खेळ नुकताच सुरू झालेला, तेव्हा गमावले काहीच नाही. दुसऱ्या खेपेला आपोआप उडी मारली जाई. पहिल्या टप्प्याच्या शेवटाकडे दोन जिने समोरासमोर येतात. त्यांच्या मधे पडलात, तर खाली जमीन असते. लगेच पुढे तशीच जोडी पुन्हा येते, आणि या वेळी मधे खड्डा असतो. आधी पडण्याची तालीम, मग पडण्याचे भय! पाठाचे टाचण लिहिताना मला पुष्कळदा ते दोन जिने आठवतात.

दुसरा खेळ टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत, तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह याने तो रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते फिरवून ओळी भरायच्या. यात जिंकणे असे नाहीच. वेग वाढत जातो आणि केव्हा तरी आपला हात थिटा पडतो. २०२३ साली अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने डाव इतका लांबवला, की शेवटी खेळच गोठून थांबला. बाकी आपण सारे हरण्यासाठीच खेळतो. तरीही टेट्रिसमध्ये हरल्यावर मला कधी कोणाचा राग आला नाही. तो लांब दांडा डावीकडे ठेवला, ते माझेच चुकले, एवढेच मनात येई.

तेव्हा भाच्याला मी उत्तर दिले ते असे: "हरल्यावर खेळणाऱ्याच्या तोंडून 'माझे चुकले' असे निघाले, तर तो खेळ चांगला. 'मला फसवले' असे निघाले, तर तो भिकार." प्रश्नपत्रिकेचेही असेच असते. मुलाला काय येते ते पाहणारी एक, आणि तो कुठे अडखळतो याची वाट पाहणारी दुसरी. दोन्ही अवघड असू शकतात. पण पहिलीत नापास झालेला मुलगा पुन्हा पुस्तक उघडतो.

उत्तर त्याला पटलेले दिसले. मला मात्र दुपारभर चैन पडेना. कारण एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली होती.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. रंगीत मणी तीन-तीन जुळवण्याचा एक खेळ मी मोबाइलवर घेतला होता. नाव सांगण्यात अर्थ नाही, तसले पुष्कळ आहेत. पाच जीव मिळतात. ते संपले की काही वेळ थांबा, नाहीतर पैसे भरा. एक टप्पा संपला की दुसरा तयार. दिवाळीच्या सुट्टीआधी आठवीच्या निबंधाच्या वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. विषय होता, 'माझी दिवाळीची सुट्टी'. जेवणे झाल्यावर 'एकच डाव' म्हणून बसले आणि घड्याळात पाहिले तेव्हा एक वाजून गेला होता. वह्यांचा गठ्ठा तसाच होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझा निबंध वाचलात?"

मी म्हटले, "वाचला. छान आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिले, आणि काही न बोलता ती गेली.

तिसऱ्या दिवशी, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी तिची वही उघडली. तिने लिहिले होते की, दिवाळी झाली की ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार. पण बाई जर वडिलांशी बोलल्या, तर ते तिला आजीजवळ ठेवतील. मी दुसऱ्याच दिवशी तिच्या वस्तीवर गेले. घराला कडी होती. मुकादमाची गाडी आदल्या रात्रीच गेली होती. एक दिवस आधी गेले असते, तर मुलांसाठी हंगामात जे वसतिगृह चालते, त्यात तिचे नाव घालता आले असते. ती उन्हाळ्यात परत आली. पण तिचे शाळेचे वर्ष गेले होते.

आता मला सांगा, यात दोष कोणाचा? खेळाने माझा हात धरून ठेवला नव्हता. माझ्या कसोटीला लावला, तर तो खेळ चांगलाच ठरतो. हरले तेव्हा माझेच चुकलेले असे. म्हणजे कसोटीच अपुरी होती.

या जागी मला व्हिएतनाममधल्या एका तरुणाची आठवण होते. डाँग न्गुएन याचे नाव. २०१३ साली त्याने 'फ्लॅपी बर्ड' नावाचा साधा खेळ केला: पाखरू नळ्यांच्या फटींतून उडवायचे, बस्स. पुढच्या वर्षाच्या आरंभी त्याने जगाला वेड लावले. जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५०,००० डॉलर मिळत असल्याचे त्या वेळी छापून आले होते. आणि २०१४ च्या फेब्रुवारीत त्याने तो खेळ स्वतःच्या हाताने काढून घेतला. लोकांना त्याचे व्यसन लागले, हे त्याचे कारण. त्याच्या खेळात लबाडी नव्हती. पाखरू आदळे ते आपल्याच बोटाच्या चुकीने. तरीही त्याच्या मनाला टोचणी लागली. काही जण त्याला वेडा म्हणाले. मला वाटते, माझ्या कसोटीत जे नव्हते, ते त्याला दिसले होते.

आपल्याकडचा मोक्षपट आठवा. तो ज्ञानदेवांनी रचला, असे परंपरा मानते. त्याच्या जुन्या पटांवर घराघरांत सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले. शिडी का चढलात आणि साप का गिळतो, हे पटच सांगतो. सोंगट्या चालतात फाशाच्या दानावर, खेळणाऱ्याच्या कौशल्याला वावच नाही. त्या हिशेबाने तो टेट्रिसहून हलका. पण त्याला एक गोष्ट आहे: शेवटचे घर. तिथे पोचले की पट गुंडाळून ठेवायचा आणि उठायचे. तुम्ही उठावे, हीच रचणाऱ्याची इच्छा. टेट्रिसला मोक्ष नसला तरी मरण आहे. डाव आपसूक संपतो. माझ्या मण्यांच्या खेळाला दोन्ही नव्हते. तिथे संपत असे ती फक्त रात्र.

दिवाळीत आपण पाहुण्याला आग्रह करतो, "आणखी एक लाडू घ्याच." आग्रह दुकानदारही करतो. शब्द तेच, पण गृहिणीला पाहुण्याच्या पोटाची काळजी असते. त्याने हात आडवा धरला की ती थांबते. दुकानदाराची नजर खिशावर असते. खेळ रचणारा आपल्याला आग्रह करणारच. प्रश्न इतकाच, की आपण हात आडवा धरला, तर तो थांबेल का?

कोणी म्हणेल, शहाण्या माणसाने स्वतःला आवरावे. खरेच आहे. त्या रात्रीचा दोष माझा आहे, सगळाच्या सगळा. पण दोष हा लाडवासारखा नसतो, की मी पुरा घेतला म्हणून दुसऱ्याला उरणार नाही. दमलेल्या माणसाची रात्रीची घटका हेरून जो गळ टाकतो, त्याच्या पदरीही तो पुरताच पडतो. २०१८ साली बेल्जियमच्या जुगार-नियामकाने काही खेळांतल्या, पैसे देऊन नशीब उघडायच्या पेट्या जुगारच ठरवल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायद्याला पैसा मोजता येतो. माझ्या त्या रात्री मी एक पैसाही भरला नव्हता.

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना उरलेली बोटे माझ्याकडे वळतात. माझी एक कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः आली होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मी नायिकेला मुद्दाम दारात उभी ठेवीत असे. वाचकाला आणखी काही द्यायचे होते म्हणून नव्हे. त्याने पुढचा अंक घ्यावा म्हणून. तो मण्यांचाच खेळ होता, फक्त शाईने मांडलेला.

संध्याकाळी पणत्या लावताना मी भाच्याला सारे सांगितले, त्या मुलीचेसुद्धा. तो बराच वेळ वात सारखी करीत बसला. मग म्हणाला, "मग चांगला खेळ कोणता, आत्या?"

"जो तुला नीट हरू देतो," मी म्हटले, "आणि वेळ झाली की उठूही देतो."

"आणि ती मुलगी?"

"शाळेत आहे. आता नववीत."

तिच्या वह्या मी आणल्या त्याच संध्याकाळी वाचते. तिने पुन्हा कधी विचारलेले नाही.