कर्ता कोण, धनी कोण?

सुताराने खुर्ची विकली की तिच्याशी त्याचे नाते संपते. घेणाऱ्याने तिचे पाय कापले वा तिला निळा रंग फासला, तरी सुतार जाब विचारावयास येत नाही. कलावंताच्या बाबतीत मात्र व्यवहार चुकता झाल्यावरही काहीतरी बाकी उरते, असे आपणा सर्वांनाच वाटते. हे उरलेले नेमके काय, याचा विचार करावयाचा तर चार्ली चॅप्लिनच्या आरंभीच्या मूकपटांइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही.

१९१४ साली चॅप्लिन कीस्टोन कंपनीत आठवड्याला १५० डॉलर पगारावर नोकरीस होता. त्या एका वर्षात त्याने तीसहून अधिक चित्रपटांत काम केले आणि त्यांतले बरेचसे स्वतःच दिग्दर्शित केले. ते सारे झाले कंपनीच्या मालकीचे. १९१५ मध्ये एसॅने कंपनीने त्याला आठवड्याला १,२५० डॉलर दिले, १९१६ मध्ये म्युच्युअलने १०,०००. पगार फुगला, धनी बदलले. चित्रपट धन्याचेच राहिले. यात अन्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. भांडवल आणि जोखीम कंपनीची होती. आपला १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदादेखील चित्रपटाचा 'कर्ता' म्हणून निर्मात्यासच ओळखतो, दिग्दर्शकास नव्हे.

अडचण निराळ्याच जागी उद्भवली. 'कारमेन'च्या कथेवर चॅप्लिनने एसॅनेसाठी दोन रिळांचा विडंबनपट केला होता. तो कंपनी सोडून गेल्यावर कंपनीने त्याने टाकून दिलेले तुकडे पुन्हा जोडले, काही दृश्ये नव्याने चित्रित केली आणि १९१६ मध्ये तोच चित्रपट चार रिळांचा करून बाजारात आणला. चॅप्लिन न्यायालयात गेला आणि हरला.

कायद्याच्या भाषेत तो हरणे स्वाभाविक होते. पण प्रेक्षक तिकीट काढीत होते ते चॅप्लिनच्या नावावर. खुर्चीवर सुताराचे नाव नसते, येथे ते होते. धन्याने आपली वस्तू विकावी, कुलपात ठेवावी, हवी तर कोणास दाखवूही नये. परंतु 'हे चॅप्लिनने केले' असे सांगून त्याने न केलेले दाखविले, तर ते सरळ असत्य होय, आणि खोटे बोलण्याचा अधिकार कोणत्याही खरेदीखताने मिळत नाही. चॅप्लिन या प्रकरणातून शहाणा झाला. पुढच्या करारांत त्याने आपल्या कामाची मोडतोड होऊ नये अशी अट घातली, आणि १९१९ मध्ये पिकफर्ड, फेअरबँक्स व ग्रिफिथ यांच्यासह युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनीच उभी केली.

त्या पहिल्या चित्रपटांच्या हक्कांची मुदत मात्र यथावकाश संपली आणि ते निर्नायकी झाले. व्हिडिओ कॅसेटचे युग आल्यावर कोणीही उठावे आणि कॅसेट काढावी! प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, चेहरे पांढरे फटक. सेकंदाला सुमारे सोळा चौकटींच्या गतीने टिपलेली चित्रे चोविसाच्या गतीने पळवलेली. असंख्य घरांत शिरलेला चॅप्लिन तो हाच. अनेकांची अजूनही समजूत आहे की तो तसाच तुरुतुरु चालत असे.

मालक नसला म्हणजे वस्तूची हेळसांड होते, असा निष्कर्ष येथे काढावासा वाटेल. तो घाईचा ठरेल. कारण याच अनाथ रिळांना पुढे पालक भेटले. बोलोन्याचे चित्रपट-संग्रहालय, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि पॅरिसची लॉबस्टर फिल्म्स यांनी जगभरच्या प्रती जमवून, एकेक चौकट तपासून कीस्टोनच्या चित्रपटांचा जीर्णोद्धार केला. २०१० मध्ये ते डीव्हीडीवर आले. म्युच्युअल व एसॅनेच्या चित्रपटांनाही तेच भाग्य लाभले. त्याआधी १९९९ मध्ये डेव्हिड शेपर्ड या अभ्यासकाने 'कारमेन'चे मूळ दोन रिळांचे रूप शक्य तितके जुळवून दिले. त्यासाठी त्याने आधार घेतला तो चॅप्लिन हरला त्या खटल्याच्या कागदपत्रांचा.

येथपर्यंत आमची सहानुभूती निःशंकपणे कर्त्याकडे होती. पण कर्ता आणि धनी एकच झाले म्हणजे?

'द किड' हा १९२१ चा चित्रपट चॅप्लिनच्या स्वतःच्या मालकीत आला. १९७१ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने तो नव्या संगीतासह पुन्हा बाहेर काढला आणि तसे करताना त्यातील आईची काही दृश्ये कापली. अविवाहित मातेने टाकलेल्या बालकाची ही कथा. कात्री नेमकी त्या मातेच्या वाट्याला लागली. एसॅनेने केले ते असत्य होते, हे तसे नव्हे. तरी आम्ही स्वतःस विचारतो की, ब्याऐंशी वर्षांच्या वृद्धाचा एकतीस वर्षांच्या तरुणाच्या कामावर कितपत अधिकार? नाव एक, हात तोच. पण ती आई ज्याला दाखवावीशी वाटली तो तरुण आता बाजू मांडावयास नव्हता. शिवाय पन्नास वर्षांपूर्वी चित्रपटगृहात तिला पाहिलेल्यांच्या स्मरणाचा हिशेब कोणी धरावयाचा? वृद्धास दुरुस्तीचा हक्क आहे, असे आम्ही मानतो. जुने नाहीसे करण्याचा आहे, असे मानवत नाही.

'द गोल्ड रश' (१९२५) या चित्रपटालाही त्याने १९४२ मध्ये स्वतःच्या आवाजातील निवेदन जोडून आणि अखेरचे चुंबन गाळून नवे रूप दिले होते. २०१२ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने काढलेल्या आवृत्तीत ही दोन्ही रूपे एकत्र आहेत. जे हवे ते पाहावे. 'द किड'च्या २०१६ च्या आवृत्तीत तसे नाही. तेथे चित्रपट १९७१ चाच आहे. आईची गाळलेली दृश्ये वेगळी, पुरवणीत ठेवली आहेत. ती शोधून पाहावी लागतात.