टाकीच्या तळाचा गंज



जुनी मोटारसायकल विकताना आपण टाकीला रंग देतो. आतला गंज सांगत नाही. घेणाऱ्याने विचारलेच नाही, मग आपण खोटे कुठे बोललो?

पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते खाली बसते आणि गंज तळाला धरतो. घासून, लगेच वाळवून टाकी वाचतेही. पण पत्र्याला भोक पडले असेल तर ती बदलावीच. नाहीतर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळणार. तेव्हा प्रश्न किमतीचा राहत नाही, शेजाऱ्याच्या जिवाचा होतो.

तळ दाखवायला धैर्य लागते. आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाणी कमी असेल तर तेही सर्वांना कळते आणि पिके त्याप्रमाणे ठरतात. आपण मात्र पापनिवेदनालाही वरवरचे तेवढेच सांगून येतो.

गाडी विकण्यापूर्वी झाकण उघडून टॉर्चने (काडी पेटवून नव्हे!) आत दाखवू या. हजार-पाचशे कमी येतील, येऊ द्यात.