गोळी झेलणारे धागे

बुलेटप्रूफ जाकिटावर गोळी आदळली की तिला थोपवायला धाग्यांच्या हाती सेकंदाचा हजारावा भागसुद्धा नसतो. तेवढ्यात धागे ताणले जातात, काही तुटतात, थर एकमेकांपासून सुटतात आणि या मोडतोडीतच गोळीचा जोर खर्ची पडतो. ही मोडतोड झालीच नाही, तर जोर जिरणार कुठे?

घाटघरला जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी एका पडवीत अंबाडीचा दोर वळताना पाहत बसलो होतो. वळणाऱ्या आजोबांनी एक सुटा धागा दोन्ही हातांत धरून हळूहळू ओढला. तो टिकला. तसाच दुसरा घेऊन हिसका दिला, तो तटकन तुटला. ‘‘हिसका बसला का शेजारच्याला कळायच्या आत तुटतंय,’’ ते म्हणाले. चिलखताचं सगळं शास्त्र त्या ‘कळायच्या आत’मध्ये आहे.

रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या 1965 मधल्या शोधातून जाकिटांत वापरलं जाणारं केव्हलर आलं. त्याच्या धाग्यातून ताणाची लाट सेकंदाला काही किलोमीटर वेगाने धावते. एके-47 ची गोळी सुटते सेकंदाला साधारण 700 मीटरने. लाट पुढे निघून जाते म्हणूनच दूरवरचा धागाही ओढीत सामील होतो आणि मागच्या बाजूला कापड शंकूसारखं फुगतं. पहिल्या काही थरांना मात्र ताणले जायलाही उसंत मिळत नाही. ते जागीच चिरडले, कापले जातात.

चाचणीनंतर मधोमध कापलेला असा एक तुकडा मी निरखून पाहिला आहे. पुढून जेमतेम गोळीएवढं, कडा साफ असलेलं भोक. आत जावं तसे थर उकललेले, धागे लांब ओढले जाऊन टोकाशी पिंजलेले, आणि पाठीला मोठा फुगवटा. गोळी त्यातच बसली होती, चपटी होऊन. तो फुगवटा पाहिल्यावर जाकिटामागच्या बरगड्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. अमेरिकी मानकात जाकिटामागे ठेवलेल्या मातीत 44 मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालतो. गोळी आरपार गेली नाही एवढ्यावर माणूस धड राहिला असं होत नाही.

9 मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या गोळीत साधारण 500 ज्यूल ऊर्जा असते, एके-47 च्या गोळीत 2000 च्या आसपास. नुसत्या कापडाला ती पेलत नाही. म्हणून पुढे सिरॅमिकची कठीण पाटी लागते. ती स्वतः फुटते, पण गोळीचं टोक मोडते. उरलेले तुकडे मागचे धागे धरतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘भाभा कवच’मध्ये बोरॉन कार्बाइड आहे ते याचसाठी.

धाग्यांचा दुसरा शत्रू ओल. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या घाटघरचा पाऊस पाहिलेल्याला ते वेगळं सांगायला नको. केव्हलर भिजलं की धागे एकमेकांवरून घसरतात, गोळी वाट काढते. झायलॉन नावाचा धागा तर केव्हलरपेक्षा ताकदवान, पण ओलीने आतून कमजोर होत जातो. 2003 मध्ये अमेरिकेत एका पोलिसाच्या झायलॉनच्या जाकिटातून गोळी आरपार गेली. 2005 मध्ये तिथल्या यंत्रणेने त्या जाकिटांची मान्यता काढून घेतली. वरून मात्र ती जाकिटं धडधाकट दिसत होती.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री पोलीस तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर हातात लाठी घेऊन एके-47 ला सामोरे गेले. त्याच रात्री मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या अंगावरच्या जाकिटावरून पुढे कितीतरी काळ वाद झाला, पण ते जाकीटच नाहीसं झालं होतं. मला सर्वांत जास्त हेच सलतं. कुठे कापलं गेलं, कुठे ताणलं गेलं, गोळी लागली ती जाकिटावर की मान-खांद्याच्या उघड्या जागी, यातलं बरंच काही धागे सांगू शकतात. तो पुरावा हातचा गेला.

म्हणून दोन गोष्टी मनापासून मागाव्याशा वाटतात. गोळी लागलेलं प्रत्येक जाकीट मोहोरबंद करून प्रयोगशाळेत गेलं पाहिजे. आणि ठाण्यातल्या जाकिटांवरची उत्पादनाची तारीख दर पावसाळ्याआधी वाचून, मुदत संपलेली शिपायाच्या अंगावरून उतरवली पाहिजेत.